ओल्या बारदान्याखालचा कपलर

मी एक जुना कपलर आहे, आणि कपलर म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसेल तर त्यात तुमचा काही दोष नाही. ज्यांची गाडी वर्षानुवर्षे माझ्या जिवावर धावली, त्यांनाही ते ठाऊक नव्हते. गाडीतली एक तार दुसऱ्या तारेला जिथे जोडलेली असते, तिथे काड्यापेटीएवढी प्लॅस्टिकची एक डबी असते. तिचे दोन भाग असतात. एका भागात चार पितळी पिना, दुसऱ्या भागात त्या पिनांसाठी चार घरे. दोन्ही भाग एकमेकांत दाबून बसवले की टक् असा आवाज होतो आणि या तारेतली वीज त्या तारेत जाऊ लागते. ती डबी म्हणजे मी.

मित्रांनो, गाडीत नाव असते ते बॅटरीचे, हॉर्नचे आणि पुढच्या दिव्यांचे. दसऱ्याला गाडी धुतात, इंजिनाला हार घालतात, स्टेअरिंगला कुंकू लावतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. माझ्या वाट्याला कधी कुंकवाचे बोट आले नाही. कारण मी कुठे बसलो आहे हेच कुणाला माहीत नव्हते. मी पहिल्यापासून थोडा तक्रारखोर आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच. पण माझी हकीगत ऐकाल तर तुम्हीही म्हणाल की बिचाऱ्याची तक्रार खोटी नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेले प्लॅस्टिक साच्यात ओतले गेले आणि मला आकार आला. मग एका ताईंनी माझ्या घरांमध्ये पितळी पिना बसवल्या, तारांची टोके त्यांत घट्ट दाबली आणि माझ्या तोंडाशी रबराची एक पातळ कडी घातली. पाणी आत जाऊ नये म्हणून ती कडी असते. मग त्यांनी मला एका छोट्या दिव्याला जोडले. दिवा लागला. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितले आणि मला पास झालेल्यांच्या टोपलीत टाकले. माझे कौतुक झाले ते तेवढेच.

तिथून मी एका पांढऱ्या व्हॅनमध्ये आलो. मधल्या सीटखाली, पायपुसण्याच्या खाली, पत्र्याला लागून माझी जागा होती. माझे काम काय ते सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. पेट्रोलच्या टाकीत विजेवर चालणारा एक छोटा पंप असतो. तो इंजिनाला पेट्रोल पाठवतो. त्या पंपाला वीज जायची ती माझ्या दोन पिनांमधून. उरलेल्या दोन पिना टाकीत पेट्रोल किती आहे याचा निरोप पुढच्या काट्याला पोचवत. माझ्यातला जोड सुटला की पंप थांबणार, आणि पंप थांबला की गाडी थांबणार. चावी फिरवल्यावर इंजिन नुसते कण्हत राहणार.

पहिली पाच वर्षे मी अमरावतीत एका शिक्षकांकडे होतो. त्यांना गाडीची फार हौस आणि तिला घेऊन जायला जागा थोडी. शाळा, भाजीबाजार, वर्षातून एकदा चिखलदरा. गाडी कायम पत्र्याच्या शेडखाली असायची. मी कोरडा होतो, स्वच्छ होतो, आणि अगदी कंटाळलो होतो. सर निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले आणि त्यांनी गाडी विकली. तेव्हा मला आनंद झाला होता, हे आज आठवले की मला माझाच राग येतो.

गाडी घेतली हिवरखेडच्या भगवंतरावांनी. त्यांची दोन एकर बाग होती. त्यात शेवंती, झेंडू आणि बांधाच्या कडेने निशिगंध. मोटारसायकलवरून पडून त्यांच्या पायात सळई बसवलेली होती, त्यामुळे दुचाकी सुटली होती. पण चारचाकी ते छान चालवायचे. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई फुले तोडायच्या, निवडायच्या आणि विकायच्याही. गाडी आल्या आल्या त्यांनी मागच्या सीटा काढून टाकल्या. त्या जागी फुलांची पोती आणि टोपल्या रचल्या जाऊ लागल्या. पहाटे चारला हिवरखेडहून निघायचे, अकोट ओलांडायचे आणि उजाडता उजाडता अकोल्याच्या जुन्या शहरात पोचायचे, असा नेम सुरू झाला.

जुन्या शहरात एका मंदिराच्या भिंतीलगत फूलवाल्या बायकांची रांग बसते. तिथे एका बारदान्याच्या रुंदीची जागा सत्यभामाबाईंची होती. बारदाना म्हणजे पोत्याचे जाड कापड. ते अंथरायचे, त्यावर फुलांचे वाटे मांडायचे, एवढेच ते दुकान. पण त्या जागेची किंमत त्या बायकांनाच ठाऊक. मंदिरात येणारा प्रत्येक माणूस त्यांच्या समोरून जातो. तिथे कुणाच्या नावाची पाटी नाही, कुठे कागद नाही. नियम मात्र आहे आणि तो पार्वताबाई नावाच्या सगळ्यांत जुन्या फूलवाल्या बाई सांभाळतात. सकाळच्या आरतीआधी जिचा बारदाना अंथरलेला, जागा तिची. लागोपाठ तीन दिवस बारदाना पडला नाही, तर तिसऱ्या आरतीनंतर ती जागा वाट बघणाऱ्या बायकांमधल्या पहिल्या बाईची. जागा रिकामी राहिली तर तिथे केळीची हातगाडी येऊन उभी राहते आणि मग ती हलत नाही, म्हणून नियम असा कडक. आजारपण असो, लग्न असो, मरण असो, पार्वताबाई कारण विचारत नाहीत.

सत्यभामाबाईंनाही ती जागा अशीच मिळाली होती. त्या काळात त्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून फुले विकायच्या. एके दिवशी गाडीत बसता बसता त्यांनी भगवंतरावांना सांगितले की जागा मिळाली. त्यांच्या आवाजात आनंद होता आणि थोडी लाजही होती. आधीची बाई चार दिवस आली नव्हती. का आली नव्हती, ते त्यांनी त्या दिवशी सांगितले नाही.

पुढची बरीच वर्षे सुखाची गेली असे म्हणायला हरकत नाही. सत्यभामाबाईंची शेवंती रांगेत सगळ्यांत ताजी असायची. गिऱ्हाईक लांबून त्यांच्याकडेच यायचे. त्याचे कारण मला रोज अंगावर झेलावे लागायचे. त्या पोती निघण्याआधी भिजवायच्या. अकोटच्या अलीकडे एका कडुनिंबाखाली गाडी थांबवायला लावायच्या आणि कॅनमधले पाणी ओंजळीने फुलांवर मारायच्या. उन्हाळ्यात आणखी एकदा, अकोल्याच्या वेशीवर. फूल मान टाकता कामा नये, हा त्यांचा हट्ट होता आणि तो हट्ट चुकीचा नव्हता. पण मित्रांनो, फुलांवर मारलेले पाणी फुलांवर राहत नाही. ते पोत्यातून झिरपते, पायपुसण्याखाली जाते, पत्र्याच्या खोलगट भागात साठते. आणि त्या खोलगट भागात कोण बसले होते, हे आता तुम्हाला सांगायला नको.

रबराची कडी होती तोवर मी टिकलो. चार-पाच वर्षे पाणी येऊन गेले आणि मी आतून कोरडा राहिलो. नंतर एकदा पेट्रोलची टाकी उतरवायची वेळ आली. गावात जीवन नावाचा मेकॅनिक आहे. हात चलाख आहे, मनाने वाईट नाही, पण घाई फार. मला उघडायचे तर माझ्या बाजूची पट्टी अंगठ्याने दाबावी लागते. जीवनने तिथे स्क्रूड्रायव्हर घातला. पट्टी तुटली आणि रबराची कडी निसटून त्याच्या गॅरेजच्या धुळीत पडली. त्याने मला पुन्हा दाबून बसवले. टक् आवाज झाला नाही. तो आवाज झाला नाही हे त्याच्या कानाला कळायला हवे होते.

त्या दिवसापासून पाणी आत येऊ लागले. पितळेवर हिरवट पांढरी पूड चढली. मेकॅनिक लोक त्याला कार्बन म्हणतात, तुम्ही गंज म्हणा. त्या पुडीतून वीज जात नाही. गेली तरी अडखळत जाते, आणि अडखळताना पीन तापते. मी जमेल तसा इशारा देत होतो. पेट्रोलचा काटा कधी टाकी एकदम भरलेली दाखवायचा, कधी पडून राहायचा. भगवंतराव काचेवर टिचकी मारायचे आणि काटा म्हातारा झाला असे म्हणून हसायचे. हसण्यासारखे काही नव्हते. तो काटा माझ्या वतीने हाक मारत होता.

मग गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुर करू लागली. चावी फिरवली की इंजिन फिरायचे पण पेट घ्यायचे नाही. चार-सहा वेळा चावी फिरवून, दार आपटून, गाडी हलवून ती कशीबशी सुरू व्हायची. त्या हलण्याने माझ्या पिना घटकाभर एकमेकींना लागायच्या, एवढेच त्याचे गुपित. आणि सगळ्यांत वाईट गोष्ट ऐका. गाडी जीवनकडे नेली जायची ती दुपारी. तोवर पोती उतरलेली असायची, दारे उघडी असायची, ऊन आत आलेले असायचे. मी वाळलेला असायचो. जीवनने चावी फिरवली की गाडी पहिल्याच फेरीत सुरू. तो भगवंतरावांकडे बघून खांदे उडवायचा.

दोन वर्षांत गाडीची बॅटरी बदलली. स्टार्टर उघडून पुन्हा बसवला. शेवटी टाकीतला पंपसुद्धा नवा आला. त्या दिवशी जीवनच्या हातात मी पूर्ण पाच मिनिटे होतो. त्याने एकदा माझ्या तोंडात डोकावून बघितले असते तर ही गोष्ट मी तुम्हाला सांगत बसलो नसतो. त्याने नवा पंप जोडला, मला जुन्याच अवस्थेत दाबून बसवले आणि हात पुसले. माझा स्वभाव तक्रारीचा आहे, पण त्या दिवशी मला तक्रार करायलाही उत्साह राहिला नाही. मला कळून चुकले की मला वाचा नाही आणि यांना डोळे नाहीत.

गेल्या वर्षी भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसायच्या होत्या. आमच्या वऱ्हाडात महालक्ष्म्यांचे केवढे प्रस्थ असते, ते तुम्हाला माहीतच आहे. घरोघरी शेवंतीच्या माळा लागतात. सत्यभामाबाईंनी बाग महिनाभर त्यासाठीच राखली होती. महालक्ष्म्या बसण्याच्या दोन दिवस आधी गाडी भरून झाली, पोती भिजवून झाली आणि पहाटे चारला भगवंतरावांनी चावी फिरवली. इंजिन कण्हत राहिले. त्यांनी दार आपटले, गाडी ढकलून पाहिली. मी मनापासून प्रयत्न केला, पण त्या दिवशी माझ्या पिनांमध्ये पाण्याचा थेंब अडकून बसला होता. सहा वाजले, आरतीची वेळ टळली. सकाळची पहिली एसटी अकोल्याला नऊनंतर पोचते. तो दिवस गेला.

जीवन दहा वाजता आला. तोवर पोती सावलीत उतरवलेली होती आणि गाडीत ऊन आले होते. त्याने चावी फिरवली. गाडी सुरू झाली.

"काका, गाडीले काईच झालं नाई," तो म्हणाला. "तुमी सकायी सकायी घाबरून जाता."

आता पुढे जे झाले ते ऐकून तुम्हाला वाटेल, हे कसे काय कुणाच्या लक्षात आले नाही. पण फुले पिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात आधी फूल येते, गाडी मागून येते. तोडलेली शेवंती दिवसभर पडून राहिली होती. ती मान टाकेल या धास्तीने सत्यभामाबाईंनी तिच्यावर दर तासाने पाणी मारले. संध्याकाळी त्यात ताजी तोडलेली फुले घातली, बारदाना दुप्पट भिजवला आणि पहाटे वेळ वाचावा म्हणून दिवस मावळतानाच गाडी भरून ठेवली. रात्रभर ते पाणी माझ्यावर ठिबकत होते. मी अक्षरशः बुडालो होतो. गाडी अडली म्हणून त्या पाणी वाढवत होत्या, आणि पाणी वाढले म्हणून गाडी अडत होती. हे मला दिसत होते आणि मी एक शब्द बोलू शकत नव्हतो. मित्रांनो, यापेक्षा वाईट शिक्षा मला तरी माहीत नाही.

दुसऱ्या पहाटे गाडीने हूं की चूं केले नाही.

सत्यभामाबाईंनी पार्वताबाईंना फोन लावला. बोलणे फार झाले नाही. पार्वताबाईंनी स्वतःची टोपली त्या जागेवर ठेवून पाहिली होती, पण महालक्ष्म्यांच्या गर्दीत बाकीच्या बायकांनी ती उचलायला लावली. उद्या आरतीच्या आत ये, एवढेच त्या म्हणाल्या. फोन ठेवल्यावर सत्यभामाबाईंनी उद्यासाठी दुसऱ्या कुणाची गाडी सांगावी असे सुचवले. तेव्हा जीवन तिथेच होता. त्याने छातीवर हात ठेवून सांगितले की उद्या गाडी बंद पडली तर पुन्हा या दारात येणार नाही. त्याने माझ्या मागची तार कापली, दोन टोकांना पीळ मारला आणि त्यावर काळी टेप गुंडाळली. रोग माझ्या पोटात होता आणि त्याने पाठीला पट्टी बांधली. त्याच्या ओढाताणीत माझ्या पिना जराशा लागल्या आणि गाडी सुरू झाली. भगवंतरावांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. दुसरी गाडी सांगितली नाही.

तिसरा दिवस महालक्ष्म्या बसण्याचा. पहाटे गाडी सुरू झाली तेव्हा सत्यभामाबाईंनी हात जोडले. अकोटच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवली नाही, कारण बंद केलेली गाडी परत सुरू होईल याची खात्री नव्हती. पण पोती आधीच इतकी ओली होती की प्रत्येक खड्ड्यात पाणी डचमळून माझ्यावर येत होते. मी दात ओठ खाऊन जोड धरून ठेवला. अकोला आले. शहरात शिरलो. मोर्णेच्या पुलावर गाडी चढली तेव्हा नदीपलीकडचे मंदिर दिसू लागले होते. पुलाच्या मध्यावर माझी एक पीन तापून सुटली. इंजिन एकदा खोकले आणि थांबले.

आरतीला थोडा वेळ होता. सत्यभामाबाई खाली उतरल्या, त्यांनी बारदाना काखेत घेतला, फुलांची एक टोपली डोक्यावर घेतली आणि पुलावरून धावत सुटल्या. पंचावन्न वर्षांची बाई ओल्या फुलांची टोपली घेऊन धावत होती, आणि मी त्या गाडीत पडून होतो. त्या नजरेआड झाल्या. थोड्या वेळाने घंटा वाजू लागली. ती वाजायची थांबली तेव्हा त्या पोचल्या होत्या की नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता.

भगवंतरावांनी दोन-चार माणसांच्या मदतीने गाडी ढकलत पूल ओलांडला. पलीकडे लगेच देवानंद यांचे दुकान आहे. ते नुसते गाडीच्या वायरिंगचे काम करतात. ते पायरीवर बसून दात घासत होते. त्यांनी आधी तोंड धुतले आणि मग विचारले की गाडी कधी बंद पडते, सकाळी की दुपारी, भरलेली असताना की रिकामी. हा प्रश्न दोन वर्षांत कुणी विचारला नव्हता. आठवून आठवून भगवंतराव म्हणाले की दुपारी कधीच नाही. देवानंद यांनी बॅटरीकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी मागचे दार उघडले, पोती खाली घेतली, पायपुसणे उचलले आणि पत्र्यावर बोट फिरवून ते बोट नाकाशी नेले. त्याला शेवंतीचा वास येत होता.

मग त्यांनी मला उचलले. जपून, दोन बोटांत. माझे दोन्ही भाग वेगळे केले आणि उजेडाकडे धरले. आत सगळे हिरवे झाले होते. त्यांनी एका बारीक सुईने माझ्या पिना एकेक करून बाहेर काढल्या. दोन जळून गेल्या होत्या, त्यांच्या जागी नव्या घातल्या. उरलेल्या दोन ब्रशने आणि पेट्रोलने घासून लख्ख केल्या. जीवनचा पीळ सोडवला, तारा नीट जोडल्या, त्यावर नळी चढवली. नवी रबराची कडी बसवली. शेवटी मला पत्र्यावरून उचलून पुढच्या सीटच्या पायाला वीतभर उंचीवर बांधले, जिथे पाणी पोचणार नाही. दहा मिनिटे लागली असतील.

ते मला बांधत होते तेव्हा सत्यभामाबाई परत आल्या. टोपली डोक्यावर तशीच भरलेली होती. बारदाना घडी करून काखेत होता.

देवानंद यांनी जळालेल्या दोन पिना तळहातावर घेऊन त्यांच्यासमोर धरल्या. त्यांना बाकी काही माहीत नव्हते. ते म्हणाले, "ताई, गाडीत दुसरी कोनती खराबी नाई. पानी जाऊन राहिलं याच्यात. हे पानी येते कोठून?"

सत्यभामाबाईंनी त्यातली एक हिरवी पीन उचलून बोटांत धरली. मग त्या म्हणाल्या, "माह्याच हातचं पानी हाय थे. फुलं सुकू नये म्हनून."

भगवंतरावांनी चावी फिरवली. गाडी पहिल्याच फेरीत सुरू झाली. ते आनंदाने खाली उतरले आणि लगबगीने म्हणाले की चला, पार्वताबाईंना समजावून सांगू, दोष गाडीचा होता, आपला नव्हता. सत्यभामाबाई टोपली खाली ठेवून गाडीच्या दारात बसल्या. घंटा थांबल्यावर त्या पोचल्या होत्या. त्यांच्या जागेवर संध्या नावाच्या मुलीने नुकताच बारदाना अंथरला होता. ती चार वर्षांपासून रोज गल्लीच्या तोंडाशी उभी राहत होती. सत्यभामाबाईंना बघून ती उठून उभी राहिली, पण तिने बारदाना उचलला नाही. उचलायचा नसतो. पार्वताबाईंनी सत्यभामाबाईंचे नाव पुन्हा वाट बघणाऱ्यांत घेतले. अकरावा नंबर आला. चार वर्षांत ती लाइन दोन बायकांनी पुढे सरकली आहे.

भगवंतराव तरीही म्हणत राहिले की आपण सांगून तर पाहू.

"काय सांगू?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "मले जागा भेटली तवा त्या बाईले साप डसला होता. तिले कोनं इचारलं होतं? म्या बी नाई इचारलं."

देवानंद यांनी दोघांना चहा सांगितला. तो कुणी प्यायला नाही.

मित्रांनो, या गोष्टीला आता वर्ष होत आले. मी अगदी बरा आहे. माझ्या पिना चकाकतात, माझी कडी घट्ट आहे. पेट्रोलचा काटासुद्धा खरे बोलतो. एवढा धडधाकट मी अमरावतीच्या सरांकडेही नव्हतो. पण हिवरखेडच्या त्या बागेत आता एका व्यापाऱ्याचा टेम्पो येतो. त्याची माणसे फुले पोत्यात कोंबतात आणि घेऊन जातात. कोणते फूल ताजे आणि कोणते शिळे, हे ते बघत नाहीत. त्यामुळे सत्यभामाबाईही आता निवडत बसत नाहीत. त्यांनी एकदा म्हटले होते की माझी शेवंती कुणाच्या दारात लागते हे मला कळत नाही. त्या वेळी त्या रडत नव्हत्या, पण मला फार वाईट वाटले. माझ्यामुळे झाले की पाण्यामुळे, की जीवनच्या घाईमुळे, हा हिशेब मी पुष्कळदा करून पाहिला. तो जुळत नाही आणि जुळला तरी आता त्याचा उपयोग नाही.

अशा गोष्टीच्या शेवटी काही तरी शिकवायचे असते, म्हणून सांगतो. घरात असो, गाडीत असो, एखादी वस्तू अडू लागली की लगेच तिचे मोठे मोठे भाग बदलायला धावू नका. ती कधी अडते, कशाने अडते, हे आधी विचारा. जिथे दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या आहेत ती जागा उघडून बघा, पुसा, कोरडी ठेवा. आणि तुम्ही जे प्रेमाने करता, त्याचे पाणी कुणाच्या अंगावर गळते तेही एकदा वाकून बघा. हे सगळे मी तुम्हाला सांगतो आहे, कारण ज्यांना सांगायला हवे होते त्यांना सांगण्याची वेळ गेली. तुम्ही तरी ऐकाल, अशी मला फारशी आशा नाही. कपलरचे कोण ऐकतो?

गाडी आता अंगणात उभी असते. उभी राहून बॅटरी बसू नये म्हणून भगवंतराव दर रविवारी ती पाच मिनिटे सुरू करतात. ते आत बसतात, चावी फिरवतात, आणि मी क्षणाचाही उशीर न लावता पंपाला वीज देतो. इंजिन इतके छान चालते की आजूबाजूची माणसेही बघतात. भगवंतराव दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर बघत बसतात. कधी कधी पाच मिनिटांची दहा मिनिटे होतात. मग सत्यभामाबाई घरातून बाहेर न येताच म्हणतात, "बंद करा आता. कोठी जाचं हाय?"

आणि ते गाडी बंद करतात.